माळ्यावरची पोथी अभ्यासकापर्यंत कशी न्यावी: खानदेशातल्या नवख्यांसाठी

पोथी सापडली की पहिली गोष्ट: तिला नदीवर नेऊ नका.

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण तापी-गिरणेच्या काठच्या गावांत आजही जीर्ण पोथीची एकच गती लोकांना माहीत आहे. फुलं वाहायची, नारळ ठेवायचा आणि डोहात सोडून द्यायची. त्यामागची भावना खरी असते. अक्षर पायदळी येऊ नये, रद्दीत जाऊ नये, म्हणूनच माणसं तसं करतात. एका गावात मी पोहोचलो त्या सकाळी बासनाला हळद-कुंकू लावून झालं होतं, दुपारी ते संगमावर जायचं होतं. घरातल्या आजी म्हणाल्या, "हाई मना सासरानी पोथी शे भाऊ, आते कोन वाचस?" मी त्यांना एवढंच म्हणालो, "आजी, पोथी तुमच्याच देवघरात राहू द्या. आपण ती नीट बांधून ठेवू, आणि आत काय लिहिलंय त्याचे फोटो घेऊ. वाचणारे आहेत." त्यांनी कुंकवाचं तबक बाजूला सरकवलं आणि बासन माझ्यापुढे ठेवलं.

हा लेख अशा वेळी समोर बसलेल्या माणसासाठी आहे. तो घरातला नातू असेल, गावातली शिक्षिका असेल, देवस्थानचा कारभारी किंवा कॉलेजातला विद्यार्थी असेल. संस्कृत यायला हवं असं नाही, मोडी यायला हवी असंही नाही. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत लक्षात ठेवायची: पोथीला काही करायला जाऊ नका, पोथीच्या भोवतीचं बदला. जागा, कापड, बांधणी, हवा, हाताळणी हे बदललं की पोथी पुढची शंभर वर्षं काढते. पानाला डिंक, टेप, औषध, पॉलिश लावलं की तिचं आयुष्य कमी होतं.

हातात काय आलंय ते ओळखा

सुट्या आडव्या पानांची, दोन पाट्यांमध्ये ठेवून कापडात बांधलेली असते ती पोथी. वरच्या किंवा बाजूच्या कडेला शिवलेली लांबट वही म्हणजे बाड; त्यात अभंग, आरत्या, पदं, वैद्यकाचे नुस्खे, उधारीचे हिशेब असं सगळं एकत्र सापडतं. गुंडाळ्या आणि घडीचे कागद बहुधा मोडीत असतात: वतनाचे, जमिनीचे, देण्याघेण्याचे. चौथा प्रकार म्हणजे व्यापारी घरांतल्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या. चारही प्रकार ठेवण्याजोगे आहेत. "हे काय, नुसता हिशेब आहे" म्हणून बाजूला टाकलेल्या बाडात दुष्काळातले धान्याचे भाव निघू शकतात.

सरकारी व्याख्येत हस्तलिखित म्हणजे हातानं लिहिलेलं, निदान ७५ वर्षं जुनं आणि ज्ञान, इतिहास, साहित्य किंवा कला यांच्या दृष्टीनं मोलाचं लेखन. १९७२च्या पुरावस्तू कायद्यातही हस्तलिखितांसाठी हीच ७५ वर्षांची मर्यादा आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. गावात जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस आला आणि पोथीला भाव सांगू लागला, तर हे त्याला शांतपणे सांगा.

आता कागदाकडे बघा. एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावं एके काळी जाडसर देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. हा हातकागद चिंध्या आणि तागासारख्या तंतूंपासून होई, त्याला खळ लावत आणि दगडानं घोटून गुळगुळीत करत. पान उजेडासमोर धरलं की लांब तंतू दिसतात. असा कागद अडीचशे वर्षांनंतरही लवचीक सापडतो. याउलट १८८०-९०नंतरच्या गिरणीच्या कागदावर लिहिलेली बाडं हातात घेताच कडेनं चुरा होतात, कारण लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदात आम्ल असतं आणि ते आतून कागद खात असतं. म्हणून नवख्यांनी एक उलटा नियम पाठ करावा: जितकं नवं बाड, तितकं जपून. जुनी पोथी तुमचे दोन-चार चुकीचे हात सहन करते. पणजोबांची १९१०ची वही करत नाही.

शाई बहुतेक वेळा काजळ आणि बाभळीच्या डिंकाची. ती उन्हानं फिकी पडत नाही, पण ओल्या बोटानं पुसली जाते. हिरडा आणि हिराकस यांची शाई वेगळी. ती कालांतरानं तपकिरी होते, कागद जाळते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक उरतं. लाल दंड आणि मथळे हिंगुळाचे. पिवळा पट्टा दिसला तर तो हरताळ. लिहिणाऱ्याची चूक झाली की त्यावर हरताळ फासून तो वर पुन्हा लिही. आपण रोज जे बोलतो ते "हरताळ फासला" इथूनच आलं आहे. पण हरताळ म्हणजे सोमलाचं, आर्सेनिकचं संयुग. म्हणून थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्यानं पोथीचं नुकसान होतं आणि तुमचंही.

हात लावण्याआधी

बासन सोडायच्या आधी त्याचा फोटो घ्या. माळ्यावर, पेटीत, कोनाड्यात जसं आहे तसं. सोडताना प्रत्येक थराचा फोटो घ्या: गाठ, कापड, पाटी, वरचं पान. पुठ्ठा म्हणून किंवा आधार म्हणून घातलेला कागदही टाकू नका. पाटीखाली दुमडून घातलेल्या "रद्दी"त आम्हाला एकदा अख्खं मोडी पत्र मिळालं होतं, तारखेसकट.

पानांचा क्रम हा पोथीचा निम्मा जीव आहे. तो बिघडलेला वाटला तरी तुम्ही लावायला जाऊ नका. पारोळ्याच्या बाजूच्या एका वाड्यात घरच्या मुलानं आम्ही यायच्या आदल्या रात्री मोठ्या उत्साहानं सगळी पानं "आकारानं" लावून ठेवली होती. तीन वेगवेगळे ग्रंथ एकमेकांत मिसळले. ते पुन्हा वेगळे करायला आम्हाला चार दिवस लागले, आणि सात पानं कुठली ते आजही ठरलेलं नाही. त्या मुलाचा हेतू चांगलाच होता. त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून हे मी प्रत्येक गावात पहिल्याच फोनवर सांगतो.

क्रम कुठं कळतो? पानाच्या मागच्या बाजूला समासात बघा. डाव्या समासात वर ग्रंथाचं त्रोटक नाव आणि आकडा असतो, उजव्या समासात खाली बहुधा "राम" आणि पुन्हा तोच आकडा. हा पत्रांक पानाचा असतो, पृष्ठाचा नाही. म्हणजे एका पत्राच्या दोन बाजू, अ आणि ब. पहिल्या पत्राची अ बाजू बऱ्याचदा कोरी असते, ती फेकून देऊ नका. तुमचे स्वतःचे क्रमांक पानावर घालू नका. वेगळ्या चिठ्ठीवर, मऊ पेन्सिलीनं लिहा. पोथी उघडी असताना त्या खोलीत शाईचं पेन, चहा, पाण्याचा तांब्या आणि निरांजन नको.

साफसफाई

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती मोजे घालू नका, त्यांचे धागे कागदाच्या तुटक्या कडांत अडकतात. कोरडी, स्वच्छ बोटंच चांगली. नाका-तोंडावर मास्क हवाच, कारण बुरशीची पूड छातीत जाते.

सावलीत, पंखा बंद करून, स्वच्छ पांढऱ्या कापडावर बसा. मऊ, रुंद, कोरा ब्रश घ्या आणि पानाच्या मधून कडेकडे हलक्या हातानं धूळ ओढा. पान उचलायचं असेल तर त्याखाली जाड कोरा कागद सरकवून त्यावर उचला. साफसफाई इथं संपली. ओलं फडकं, खोडरबर, स्पिरिट, काही नको. चिकटलेली पानं सोडवू नका, वाफ देऊ नका, चाकू घालू नका. तशीच ठेवा आणि चिठ्ठीवर लिहा: "पत्र ४१ ते ४६ चिकटलेली." ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही सुरुवातीला झाला होता. एका कवनांच्या बाडात मी अशा पाच पट्ट्या लावल्या. दहा वर्षांनी ते बाड पुन्हा उघडलं तेव्हा पट्टीचा प्लास्टिकचा भाग गळून गेला होता, डिंक कागदात उतरून पिवळा-तपकिरी डाग झाला होता, आणि पट्टी सुटताना दोन ओळींची अक्षरं तिच्याबरोबर गेली होती. ती पाच पानं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीत. प्लास्टिक लॅमिनेशनही तसंच, एकदा केलं की ते सोडवता येत नाही. तज्ज्ञ लोक पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ती पाण्यानं पुन्हा सुटते. जे परत काढता येत नाही ते पोथीला लावायचं नाही, हा तिथला कायदा आहे. फाटलेला तुकडा तुम्ही फक्त एका कागदी पाकिटात घाला, त्यावर पत्रांक लिहा आणि पोथीतच ठेवा.

बांधणी

जुने लेखक पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत. तो तुम्हाला निदान एका बासनात तरी भेटेलच:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असं पुस्तक स्वतः सांगतं आहे. तेल आणि पाणी चटकन कळतं. "शिथिल बंधन" कशासाठी, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. सैल बांधलेल्या पोथीत पानांमध्ये हवा खेळते. पावसाळ्यात ती ओल घेते, उन्हाळ्यात ती ओल सोडते, आणि दर वेळी पान थोडं फुगतं, थोडं आकसतं, कडा वेड्यावाकड्या होतात. फटींत धूळ शिरते, धुळीमागून कसर शिरते. घट्ट, सपाट दाबात बांधलेल्या पोथीच्या आतल्या पानांपर्यंत बाहेरचं हवामान पोहोचायलाच वेळ लागतो. म्हणूनच एखाद्या पोथीची वरची-खालची चार पानं खलास असतात आणि मधली जणू काल लिहिल्यासारखी निघतात.

तर असं करा. पानांपेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठ्या दोन पाट्या घ्या. जुन्या, पूर्ण वाळलेल्या सागवानाच्या उत्तम. प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाची फळी नको, त्यातल्या गोंदाची वाफ कागदाला बाधते. पाटी आणि पान यांच्यामध्ये आम्लविरहित कागदाचा एक ताव घाला. तो मिळाला नाही तर चांगला पांढरा हातकागद चालेल. वर्तमानपत्र अजिबात नको. वरून बिनरंगी सुती कापडाचे दोन फेरे. नवं कापड आणलं तर दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, कारण कसरीला तीच खळ आवडते. जुनं लाल खारव्याचं कापड असेल तर ते वेगळं घडी घालून सोबत ठेवा, टाकू नका. वर रुंद सुती नाडी बांधा. सुतळी नको, ती कडेला कापत जाते. नाडी एवढी आवळा की बासन उचलल्यावर आतलं पान सरकू नये. पाटी वाकली तर जास्त झालं.

जागा आणि हवा

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत एक गोष्ट नसते: खानदेशचा मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवेतली ओल नाहीशी होते, कागद पापडासारखा कडक होतो. मग दीड महिन्यात पाऊस लागतो आणि तोच कागद ओल पिऊ लागतो. नुसती उष्णता किंवा नुसती ओल यांपेक्षा ही वर्षातून एकदा बसणारी ओढाताण जास्त वाईट. ती जितकी कमी करता येईल तितकी करायची.

म्हणून पत्र्याखाली पोथी ठेवायची नाही. पत्र्याच्या खोलीतली लोखंडी ट्रंक मे महिन्यात भट्टी होते. धाब्याच्या घरात माळ्यावर ठेवायची नाही, पहिल्या मोठ्या पावसात धाबं नेमकं तिथंच गळतं. आणि कूलरच्या खोलीत तर नाहीच. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड खोली म्हणजे कूलरची खोली. लोक प्रेमानं पोथी तिथं नेऊन ठेवतात आणि चार महिने ओली हवा तिच्यावर सोडतात. घरातली मधली खोली निवडा, जिच्या भिंतीला बाहेरचं ऊन-पाऊस लागत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं, जमिनीपासून वीतभर वर. मोरी, चूल, देवघरातली समई यांच्यापासून लांब. ओल मोजायचं छोटं यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहिला तर उत्तम. ६५च्या वर आठवडाभर राहिला तर बुरशीची वाट मोकळी.

बिबडे-कुरडया वाळत घातल्या की त्याच गच्चीवर पोथ्याही "ऊन दाखवायला" मांडतात, हे मी पाहिलं आहे. धान्याला ऊन चांगलं. कागदाला ते जाळतं आणि रंग उडवतं. पोथीला हवा द्यायची असेल तर सावलीत द्या, दिवाळी ते होळी या कोरड्या, सौम्य दिवसांत. फोटोचं आणि नोंदीचं कामही त्याच महिन्यांत धरा.

एक अडचण श्रावणाची आहे. वर्षभर बंद असलेली पोथी नेमकी सगळ्यात ओल्या महिन्यात उघडली जाते. स्नान करून, ओल्या केसांनी, समईसमोर, हळद-कुंकवाच्या बोटांनी पारायण होतं. परंपरा मोडा असं मी कुणालाही सांगत नाही. ज्या घरांत गेलो तिथं एवढंच सुचवलं: बांधलेलं बासन पाटावर ठेवा, पूजा त्याची करा, कुंकू बासनाच्या वरच्या रुमालाला लावा, आणि वाचन छापील प्रतीतून करा. बहुतेकांना ते पटतं. ओवी तीच आहे आणि पोथीही समोर आहे.

कीड

कसर, वाळवी, झुरळ आणि कागदात बोगदे करणारे भुंगेरे, हे चार मुख्य शत्रू. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्या माणसालाही घातक आहेत. कीडनाशकाचा फवारा पोथीवर कधीच मारायचा नाही; वाळवीचा बंदोबस्त भिंतीला आणि जमिनीला करायचा, तोही पोथी दुसरीकडे हलवून. आपल्याकडची वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंग, काळं जिरं यांची पुरचुंडी उपयोगी पडते. पण ती मलमलीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायची, पानांमध्ये नाही, आणि दर वर्षी बदलायची. ओला पाला घातला तर तोच कीड आणतो. ताजी पिवळसर-करडी भुकटी बासनातून गळताना दिसली तर कीड जिवंत आहे असं समजा. ते बासन बाकीच्यांपासून वेगळं करा, बंद पिशवीत घाला आणि जाणकारांना कळवा.

भिजली तर

पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. पोथी सपाट ठेवूनच हलवा, उभी नको. पानं सहज सुटत असतील तरच त्यांच्यामध्ये टीपकागद घाला, तो तासा-दोन तासांनी बदला. खोलीत हवा फिरती ठेवा, पण पंख्याचा झोत पानांवर नको. ऊन, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांतलं काही वापरू नका. शाई टीपकागदावर उतरू लागली तर थांबा आणि तज्ज्ञांना फोन करा.

फोटो

अभ्यासकाच्या हाती बहुतेक वेळा पोथी जात नाही, फोटो जातात. म्हणून हे काम घाईत उरकू नका.

चांगला मोबाइल पुरतो. पान एक फूट लांब असेल तर १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीला सुमारे ४००० ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला ३३० च्या आसपास. वाचायला ३०० पुरतात. मोबाइल तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), भिंग पानाला अगदी समांतर. फ्लॅश बंद. वाड्याची ओसरी किंवा उत्तरेची खिडकी, सकाळचा पसरलेला उजेड. पानाखाली करडं किंवा काळं कापड, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. एका चौकटीत एकच बाजू. चारही कडा दिसल्या पाहिजेत, कारण समासातली टीप, पत्रांक, कीड लागलेली जागा हे सगळं अभ्यासकाला हवं असतं. कोरी पानंही घ्या, पाट्या आणि कापडही घ्या. दोन माणसं लागतात, एक पान उलटायला, एक फोटोला. १२० पत्रांची पोथी म्हणजे २४० फोटो. नवख्यांनी एका दिवसात एवढंच धरावं.

कागदपत्रं "साफ" करून पांढरी दाखवणारं स्कॅनर ॲप वापरू नका. ते कागदाचा रंग उडवतं आणि त्याबरोबर हरताळाचा पट्टा, फिकी लाल शाई, पुसून पुन्हा लिहिलेलं अक्षरही उडवतं. पाठ ठरवणाऱ्या अभ्यासकाला नेमकं तेच बघायचं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर ते आक्रसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्हवर द्या.

फाइलचं नाव सरळ ठेवा: पोथीचा क्रमांक, पत्रांक, बाजू. उदाहरणार्थ ०३-०१२-ब. १२ न लिहिता ०१२ लिहिलं की संगणक क्रम बिघडवत नाही. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

नोंद

प्रत्येक पोथीचा एक कागद करा. ग्रंथाचं नाव, रचणारा, नक्कल करणारा, लिपी, भाषा, पत्रसंख्या, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, एका पृष्ठावर ओळी किती, पूर्ण की अपूर्ण, अवस्था कशी. सुरुवातीच्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी जशाच्या तशा, अशुद्ध वाटल्या तरी न सुधारता. वाचता आलं नाही तर "मोडी, वाचली नाही" असं लिहा, तीही चांगली नोंद आहे. अक्षरं ओळखीची वाटूनही काहीच अर्थ लागत नसेल, तर ती महानुभावांची सकळ लिपी असू शकते. तिच्यात अक्षरांच्या जागा बदललेल्या असतात. खानदेशात हा संभव बराच आहे.

शेवटच्या पानावरची पुष्पिका सगळ्यात मोलाची. कुणी, कुठं, कधी, कुणासाठी लिहिलं ते तिथं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. गुजराती-मारवाडी घरांत विक्रम संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. मोडी कागदांत बऱ्याचदा सुहूर सन अरबी शब्दांत येतो. "सलास सबैन मया व अलफ" म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवा: मृगापासून पुढचं १७७२-७३ चं वर्ष.

शक बरोबर वाचला का, ते संवत्सराच्या नावावरून ताडता येतं. शकात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शके १७०० घ्या: १७१२ भागिले ६०, बाकी ३२, बत्तिसावा संवत्सर विलंबी. पुष्पिकेत "शके १७००" वाचून पुढं दुसरंच नाव असेल तर आकडा पुन्हा बघा. एखाद्या वेळी लेखकानं समोरच्या जुन्या प्रतीची तारीखही तशीच उतरवलेली असते. तेव्हा कागद आणि अक्षराचं वळण काय सांगतं तेही लिहून ठेवा.

"आमच्याकडे साधा हरिविजय आहे, तो तर छापलेला मिळतो," असं लोक संकोचानं म्हणतात. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा हजाराच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली होती. प्रत्येक नक्कल थोडी वेगळी असते, आणि त्या वेगळेपणावरून मूळ पाठाकडे जाता येतं. तुमच्या घरच्या प्रतीत एका ओवीत "होये"च्या जागी एखादं अहिराणी वळणाचं रूप आलं असेल, तर ते लिहिणाऱ्याच्या बोलीचा पुरावा आहे. असा पुरावा छापील प्रतीत मिळत नाही.

कुणाकडे जायचं

आपल्याकडे धुळं आहे, हे खानदेशचं भाग्य. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. पोथ्या आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह तिथं आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायणही तिथलंच. नवख्या माणसानं ही दोन्ही ठिकाणं आधी एकदा नुसती बघून यावीत. पोथी कशी ठेवतात ते डोळ्यांना कळतं. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. केंद्र सरकारनं २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केलं, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांच्या सर्वेक्षणासाठी आणि जतनासाठी ज्ञान भारतम हे अभियान जाहीर केलं. कुठंही जाताना पोथी घेऊन निघू नका. आधी नोंदीचा कागद आणि पाच-सात फोटो पाठवा, ते सांगतील तसं करा.

घरमालकाची लेखी परवानगी घ्या: फोटो कुणाला दाखवायचे, छापताना घराचं नाव द्यायचं की नाही. पोथी संस्थेला द्यायची की घरी ठेवायची हे घरानं ठरवायचं, तुम्ही घाई करू नका. फोटोंची एक प्रत त्या घराला आधी द्या, अभ्यासकाला नंतर.

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे त्यावर कोरलेलं आहे. शेवटचा भाग मराठीत आहे. दगड आठशे वर्षं कुणी न बघताही टिकला. कागदाकडे वर्षातून दोनदा तरी बघावं लागतं. त्यासाठी जैन परंपरेनं दोन दिवस ठरवूनच दिलेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही दिगंबरांची श्रुतपंचमी, आणि कार्तिक शुद्ध पंचमी ही श्वेतांबरांची ज्ञानपंचमी. ग्रंथ बाहेर काढायचे, झाडायचे, वेष्टनं बदलायची, असा तो रिवाज. कुठल्याही घरानं तो उचलावा. ज्येष्ठात बासन सोडू नका. धाबं, पत्रा, भिंतीची ओल, कपाटाचा खालचा कप्पा तेवढा बघा, म्हणजे पाऊस लागायच्या आत दुरुस्ती होते. कार्तिकात बासन सोडा. वास घ्या, कुबट आला तर बुरशी आहे. भुकटी आहे का बघा, वरची-खालची दहा पानं बघा, पुरचुंडी बदला, नाडी पुन्हा आवळा. मग कपाटातल्या चिठ्ठीवर तारीख, ओलीचा आकडा आणि बघणाऱ्याचं नाव लिहा.